सतराव्या रस्त्यावरची संगीतशाळा

बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये थोर संगीतकारांची नावे कोरण्यासाठी नक्षीदार चौकटी केलेल्या आहेत. १९०० साली हा हॉल उभा राहिला, तेव्हा कोणाकोणाची नावे कोरायची यावर संचालकांचे एकमत होईना. ते झाले फक्त बेथोव्हेनच्या नावावर. ते नाव रंगमंचाच्या वर कोरले गेले आणि बाकीच्या चौकटी रिकाम्याच राहिल्या. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने जगातल्या उत्तम सभागृहांत गणल्या जाणाऱ्या या वास्तूबद्दल मी बरेच वाचले आहे, पण त्यातला हा एक तपशील माझ्या मनातून जात नाही. अमेरिकेने अभिजात संगीताच्या संस्था मोठ्या हिमतीने, पाण्यासारखा पैसा ओतून उभ्या केल्या. त्या संस्थांत आपल्याच देशातल्या संगीतकारांना जागा द्यायला मात्र तिला फार वेळ लागला.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ही वाद्यवृंदाची संस्था १८४२ सालची. युरेली कोरेली हिल या अमेरिकन व्हायोलिनवादकाच्या पुढाकाराने शहरातल्या वादकांनी सहकारी पद्धतीने ती स्थापन केली आणि ७ डिसेंबर १८४२ रोजी बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीने (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची दीर्घ रचना) तिचा पहिला कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या दहा-बारा वर्षांत जर्मनीतून आलेल्या वादकांची संख्या वाढत गेली आणि कार्यक्रमही जर्मन संगीताने भरू लागले. वाद्यवृंदात जॉर्ज ब्रिस्टो नावाचे एक व्हायोलिनवादक होते, जे स्वतः सिंफन्या लिहीत. १८५४ साली त्यांनी जाहीर तक्रार केली की, अकरा वर्षांत या संस्थेने अमेरिकन माणसाची एकच रचना एकदाच वाजवली आणि तीसुद्धा चुकून किंवा अपघाताने. ती रचना त्यांचीच होती. त्यांनी राजीनामा दिला आणि काही काळाने ते परतही आले, कारण न्यूयॉर्कमध्ये व्हायोलिनवादकाने दुसरीकडे जायचे तरी कुठे?

ब्रिस्टो यांच्या सिंफन्या बेथोव्हेनच्या तोडीच्या होत्या असे मी म्हणणार नाही. प्रश्न तोडीचा नव्हता. वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्या माणसाला आपले लिखाण साठ-सत्तर वादकांच्या हातून उमटलेले ऐकायला मिळाले नाही, तर ओबो (सनईच्या जातीचे वाद्य) कुठे दबला, तंतुवाद्ये कुठे जड झाली, कोणता भाग लांबला, हे त्याला कधीच कळत नाही. ख्यालगायक एकटा बसून रियाज करू शकतो, सिंफनी लिहिणाऱ्याला तशी सोय नाही. त्याचे वाद्य म्हणजे एक आख्खी संस्था असते आणि ती संस्था दुसऱ्यांच्या मालकीची असते.

बॉस्टन सिंफनी हा वाद्यवृंद १८८१ सालचा. हेन्री ली हिगिन्सन हे सावकारी पेढीचे मालक. तरुणपणी संगीत शिकायला व्हिएन्नाला गेलेले, पुढे यादवी युद्धात लढलेले. त्यांनी वाद्यवृंद स्थापन केला आणि १९१८ पर्यंत त्याची वर्षानुवर्षांची तूट स्वतःच्या खिशातून भरली. अशी दानत दुर्मीळ म्हणावी लागेल. मात्र वाद्यवृंदाचे संचालन करायला त्यांनी एकामागून एक आणलेले कंडक्टर जर्मन परंपरेत वाढलेले होते, आणि वाद्यवृंद चांगला असणे म्हणजे तो व्हिएन्नासारखा वाजणे, अशीच सगळ्यांची समजूत होती. त्यातल्या त्यात बॉस्टनने जॉन नोल्स पेन, जॉर्ज चॅडविक यांसारख्या आपल्या गावच्या संगीतकारांना वाव दिला, हेही नोंदवायला हवे.

या सगळ्या भव्य नावांच्या गर्दीत मला सर्वांत जवळची वाटते ती मात्र एक बुडालेली संस्था. जिनेट थर्बर या न्यूयॉर्कमधल्या एका किराणा मालाच्या मोठ्या घाऊक व्यापाऱ्याच्या पत्नी. त्या पॅरिसमध्ये शिकल्या होत्या आणि सरकारी खर्चाने चालणारी तिथली कॉन्झर्वेटरी, म्हणजे संगीतशाळा, त्यांनी पाहिली होती. श्रीमंतांच्या देणग्यांवर वाद्यवृंद चालतील, पण गुणी आणि गरीब मुलांना शिकवणार कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि १८८५ साली न्यूयॉर्कच्या पूर्व सतराव्या रस्त्यावर नॅशनल कॉन्झर्वेटरी ऑफ म्युझिक सुरू केली. इथे मुलींना प्रवेश होता, अंध आणि अपंग विद्यार्थ्यांना होता, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनाही होता. ज्यांना फी परवडत नसे त्यांना ती माफ असे. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती आणि दक्षिणेतली राज्ये वर्णभेदाचे नवे कायदे करत होती, हे लक्षात घेतले की या प्रवेशनियमांचे मोल कळते.

थर्बरबाईंनी एक ऑपेरा कंपनीही काढून पाहिली होती. इंग्रजीत ऑपेरा सादर करणारी ती मंडळी १८८६ ला उभी राहिली आणि वर्षभरातच कर्जात बुडाली. संगीतशाळा मात्र त्यांनी सोडली नाही. १८९१ साली अमेरिकन काँग्रेसने शाळेला राष्ट्रीय सनद दिली, पण पैसा दिला नाही. सन्मान करायचा आणि अनुदानाचे नाव काढायचे नाही, ही सरकारी रीत आपल्याही ओळखीची आहे.

शाळेच्या संचालकपदासाठी बाईंना युरोपात गाजलेले नाव हवे होते. त्यांनी प्रागच्या अंतोनिन ड्वोर्झाक यांना वर्षाला १५,००० डॉलर देऊ केले, म्हणजे प्रागमधल्या पगाराच्या जवळपास पंचवीसपट. सप्टेंबर १८९२ मध्ये ड्वोर्झाक न्यूयॉर्कला उतरले आणि शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्याच रस्त्यावर ३२७ क्रमांकाच्या घरात राहू लागले. खाटकाच्या घरी वाढलेला आणि ऑस्ट्रियन साम्राज्यात चेक म्हणून कायम दुय्यम ठरलेला हा माणूस. आपल्या मुलखातली लोकगीते आणि नाच सिंफनीत आणून त्यांनी नाव कमावले होते. अमेरिकेने आपले संगीत कसे घडवावे हे त्यांनी दाखवून द्यावे, अशी बाईंची अपेक्षा होती.

इथे हॅरी बर्ले यांना आणल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. पेनसिल्व्हेनियातल्या इरी गावचा हा तरुण शिष्यवृत्तीवर शाळेत शिकत होता. त्याचे आजोबा गुलामगिरीतून सुटलेले आणि दृष्टी गेलेले गृहस्थ. त्यांच्या तोंडून त्याने गुलामांची भक्तिगीते, म्हणजे स्पिरिच्युअल्स, लहानपणी ऐकली होती. उत्तम बॅरिटोन, म्हणजे मध्यम जाडीच्या पुरुषी, आवाजाचा हा विद्यार्थी ड्वोर्झाक यांच्या घरी जाऊन ती गाणी त्यांना गाऊन दाखवी आणि त्यांच्यासाठी स्वरलेखनाच्या नकला करण्याचे कामही करी. संचालक महाशय ऐकत आणि मध्येच थांबवून विचारत. जगप्रसिद्ध संगीतकार विद्यार्थ्याकडून शिकतो आहे, हे दृश्य त्या काळच्या कोणत्याही दुसऱ्या संगीतसंस्थेत घडले असते असे मला वाटत नाही.

मे १८९३ मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने ड्वोर्झाक यांचे मत छापले की, या देशाचे भावी संगीत कृष्णवर्णीयांच्या गीतांच्या पायावर उभे राहायला हवे. आज हे वाक्य साधे वाटेल. तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्यांचे सगळेच म्हणणे बरोबर होते असेही नाही. अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या संगीताची त्यांना तोंडओळखच होती, आणि ते संगीत व कृष्णवर्णीयांचे संगीत जवळजवळ सारखेच आहे असे जे ते म्हणाले, ते टिकणारे नाही. पण मुख्य मुद्दा त्यांनी अचूक ओळखला होता. ज्यांना वाद्यवृंदात वाजवायला कोणी घेत नव्हते, त्यांच्याकडेच या देशातले सर्वांत समृद्ध गाणे होते.

१६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने अँटन साइड्ल यांच्या संचालनाखाली ड्वोर्झाक यांची ई मायनर सिंफनी, ‘नव्या जगातून’, पहिल्यांदा सादर केली. या वाद्यवृंदाशी आपली ओळख बहुतेकदा झुबिन मेहतांमुळे होते. मुंबईत जन्मलेले मेहता १९७८ ते १९९१ या काळात त्याचे संगीत संचालक होते, आणि रविशंकरांचा दुसरा सतार कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) याच वाद्यवृंदाने १९८१ मध्ये प्रथम वाजवला. ड्वोर्झाक यांच्या सिंफनीतल्या संथ भागात इंग्लिश हॉर्नवर येणारी धून अनेकांना जुने स्पिरिच्युअल वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. धून ड्वोर्झाक यांचीच. विल्यम आर्म्स फिशर या त्यांच्या विद्यार्थ्याने १९२२ साली तिच्यावर शब्द बसवले आणि मग ती लोकगीतासारखी सगळीकडे गायली जाऊ लागली.

या सिंफनीपेक्षाही महत्त्वाचा मला एक कार्यक्रम वाटतो, जो आज फारसा कोणाला आठवत नाही. २३ जानेवारी १८९४ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शाळेच्या कार्यक्रमात कृष्णवर्णीय गायकांनी ड्वोर्झाक यांच्या हाताखाली गायन केले. सिसिएरेटा जोन्स आणि हॅरी बर्ले मुख्य गायक होते, आणि या कार्यक्रमासाठी ड्वोर्झाक यांनी स्टीफन फॉस्टर यांच्या एका गाण्याची नवी मांडणी केली होती. संचालकांनी वर्तमानपत्रात मांडलेले मत शाळेने लोकांसमोर रंगमंचावर उभे करून दाखवले.

बॉस्टनला हे पटले नाही. तिथल्या काही समीक्षकांच्या लिखाणात वर्णद्वेष उघड दिसतो. त्यांच्यावर शब्द खर्च करण्याची गरज नाही. बॉस्टनच्या संगीतकार एमी बीच यांचे उत्तर मात्र विचारपूर्वक दिलेले होते. कृष्णवर्णीयांची गाणी ज्यांची आहेत त्यांची आहेत, न्यू इंग्लंडमधल्या आमच्यासारख्यांना आमच्या पूर्वजांच्या आयरिश आणि स्कॉटिश गाण्यांकडे वळणे अधिक स्वाभाविक आहे, असे त्यांनी मांडले आणि लिहून दाखवले. ऑक्टोबर १८९६ मध्ये बॉस्टन सिंफनीने त्यांची ‘गेलिक’ सिंफनी वाजवली. अमेरिकन स्त्रीने लिहिलेली आणि एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाने सादर केलेली ती पहिली सिंफनी. लग्नानंतर पतीच्या इच्छेखातर या असामान्य पियानोवादक बाईंनी जाहीर कार्यक्रम जवळपास बंद केले होते, आणि रचनाशास्त्र त्या गुरूशिवाय, ग्रंथांवरून शिकल्या होत्या. ड्वोर्झाक यांच्याशी त्यांचे मतभेद असले, तरी मूळ प्रश्न त्यांनीही गांभीर्याने घेतला होता, आणि मला तर दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात.

शाळेचे दिवस मात्र भरत आले होते. १८९३ च्या आर्थिक मंदीत थर्बर यांचा व्यापार कोसळला, संचालकांचा पगार थकू लागला, आणि एप्रिल १८९५ मध्ये ड्वोर्झाक मायदेशी परतले ते कायमचे. जाताना न्यूयॉर्कमध्ये लिहिलेला चेलो कॉन्चेर्टो त्यांच्याजवळ होता. याच शाळेत चेलो शिकवणाऱ्या व्हिक्टर हर्बर्ट यांची त्या वाद्यासाठीची रचना ऐकून त्यांना तो सुचला होता. बाईंनी पुढे बरीच वर्षे शाळा चालवली, वॉशिंग्टनकडे अनुदानासाठी पुन्हा पुन्हा हात पसरले, पण काही हाती लागले नाही. विसाव्या शतकात ज्यूलियार्ड, ईस्टमन, कर्टिस या संस्था कापडाच्या, कॅमेऱ्यांच्या आणि मासिकांच्या धंद्यातून आलेल्या प्रचंड निधीवर उभ्या राहिल्या, तेव्हा थर्बरबाईंची शाळा विस्मरणात गेली होती. १९४६ साली त्या वारल्या.

काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला जाणे झाले तेव्हा मी मुद्दाम पूर्व सतराव्या रस्त्यावर गेले. ड्वोर्झाक यांचे घर आता नाही. १९९१ मध्ये नगरपरिषदेने त्या घराचा वारसा-दर्जा काढून घेतला आणि ते पाडले गेले. त्या जागी एड्सच्या रुग्णांसाठी निवास झाला. जुन्या वास्तूंवर माझा जीव आहे, तरी या बाबतीत तक्रार करायला जीभ उचलत नाही. समोरच्या स्टायव्हसंट चौकात ड्वोर्झाक यांचा पुतळा आहे. चौकाच्या पश्चिमेला सेंट जॉर्ज चर्च आहे आणि खरे म्हणजे मला तेच पाहायचे होते. १८९४ मध्ये या श्रीमंत गोऱ्या वस्तीच्या चर्चमध्ये मुख्य बॅरिटोन म्हणून हॅरी बर्ले यांची निवड झाली, तेव्हा काही सभासदांनी कडाडून विरोध केला होता. ते तिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ गात राहिले. दरवर्षी पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ते झाँ-बाप्टिस्ट फोर या फ्रेंच गायकाचे एक ठरलेले भजन गात आणि लोक खास ते ऐकायला येत. त्याच काळात त्यांनी स्पिरिच्युअल्सची पियानोच्या साथीची एकल मांडणी केली. तोवर ही गीते मुख्यतः समूहाने गायली जात. शूबर्टच्या गाण्यांशेजारी मैफलीत एकट्याने गाण्याची ती चीज झाली, याचे मोठे श्रेय बर्ले यांचे आहे.

या शाळेचे विद्यार्थी मोजायला लागले की तिला बुडालेली म्हणणे मला जड जाते. विल मॅरियन कुक काही काळ इथे शिकले, पुढे त्यांनी ब्रॉडवेवर कृष्णवर्णीय कलाकारांचे संगीत नाटक आणले आणि तरुण ड्यूक एलिंग्टन यांना रचनेचे धडे दिले. रुबिन गोल्डमार्क हेही ड्वोर्झाक यांचेच विद्यार्थी. त्यांच्याकडे एरन कोपलँड शिकले, जॉर्ज गर्श्विन यांनीही थोडे धडे घेतले, आणि ज्यूलियार्डचा रचना विभाग पुढे गोल्डमार्क यांनीच सांभाळला. विसाव्या शतकात ज्याला जग अमेरिकन संगीत म्हणून ओळखते, त्याच्या अनेक वाटा त्या बिनपैशाच्या शाळेपाशी येऊन मिळतात.

आणि तरीही ड्वोर्झाक यांचे म्हणणे ज्यांनी सिंफनीत खरे करून दाखवले, त्यांच्यासाठी मोठ्या संस्थांची दारे किलकिलीच राहिली. फ्लॉरेन्स प्राइस यांचा जन्म १८८७ चा, आर्कन्सॉमधल्या लिटल रॉकचा. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्वेटरीत त्या चॅडविक यांच्याकडे शिकल्या. तिथे नाव घालताना आईने त्यांचे गाव मेक्सिकोतले असल्याचे नोंदवले होते, म्हणजे वर्णाचा त्रास कमी होईल. १९२७ मध्ये दक्षिणेतल्या हिंसेला कंटाळून कुटुंब शिकागोला आले. १९३२ मध्ये त्यांच्या ई मायनर सिंफनीला कृष्णवर्णीय संगीतकारांसाठीच्या वानामेकर स्पर्धेचे पहिले पारितोषिक मिळाले आणि १५ जून १९३३ रोजी फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली शिकागो सिंफनीने ती वाजवली. मोठ्या वाद्यवृंदाने सादर केलेली कृष्णवर्णीय स्त्रीची ही पहिली सिंफनी. त्या कार्यक्रमासाठी पैसा उभा केला तो मॉड रॉबर्ट्स जॉर्ज या कृष्णवर्णीय संगीत-समीक्षक बाईंनी, हे श्रेय शिकागो सिंफनीच्या बरोबरीने त्यांना द्यायला हवे.

ही सिंफनी मी ऐकली तेव्हा पहिल्या भागात ड्वोर्झाक यांची सावली जाणवली. स्वर तोच, ई मायनर, आणि मांडणीही ओळखीची. दुसऱ्या भागात मात्र प्राइस स्वतःच्या घरी येतात. पितळी वाद्ये चर्चमधल्या समूहगानासारखी एका श्वासात भजन म्हणतात आणि लाकडी वाद्ये त्याला उत्तर देतात, आपल्याकडे मुख्य गाणाऱ्यामागे टाळकरी ओळ उचलतात तसे. तिसऱ्या भागात जुबा नाच आहे. मळ्यांवर गुलामांना ढोल वाजवायला मनाई असे, म्हणून ते मांड्यांवर, छातीवर, टाळ्यांवर ताल धरीत; त्या तालाला इथे अख्खा वाद्यवृंद मिळाला आहे. ड्वोर्झाक यांनी जे शेजारच्या घरातून ऐकले, ते प्राइस यांनी आतून लिहिले.

५ जुलै १९४३ रोजी प्राइस यांनी बॉस्टन सिंफनीचे कंडक्टर सर्गेई कुसेवित्स्की यांना पत्र लिहिले. आपल्यापाशी दोन उणिवा आहेत, आपण स्त्री आहोत आणि आपल्या अंगात कृष्णवर्णीयांचे रक्त आहे, हे त्यांनी सुरुवातीलाच लिहून टाकले, आणि पुढे विनंती केली की कसलीही सवलत न देता केवळ गुणांवर आपले संगीत पाहावे. कुसेवित्स्की यांनी त्यांची एकही रचना वाजवली नाही. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण अमेरिकन संगीतकारांसाठी या रशियन माणसाइतके कोणी केले नसेल. १९२४ ते १९४९ या पंचवीस वर्षांत त्यांनी कोपलँड, रॉय हॅरिस, वॉल्टर पिस्टन, विल्यम शूमन, सॅम्युएल बार्बर यांना पुन्हा पुन्हा वाजवले, नव्या रचना लिहवून घेतल्या, टँगलवुडला उन्हाळी शिक्षणकेंद्र काढले. ब्रिस्टो यांची तक्रार ऐंशी-नव्वद वर्षांनी कोणी खऱ्या अर्थाने दूर केली असेल तर ती यांनीच. इतक्या उदार माणसाच्या हाती पडूनसुद्धा हे पत्र त्याच्या मनापर्यंत पोहोचले नाही, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

प्राइस १९५३ मध्ये गेल्या. २००९ साली इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावी, पूर्वी त्या उन्हाळ्यात जिथे राहत त्या पडक्या घरात, त्यांच्या हस्तलिखितांची खोकी सापडली. त्यांत दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो आणि चौथी सिंफनी होती. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने त्यांच्या पहिल्या आणि तिसऱ्या सिंफनीचे जे ध्वनिमुद्रण केले, त्याला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाले. याचा आनंद आहेच. पण ज्यांची हस्तलिखिते टिकली त्यांना निदान नंतर न्याय मिळू शकतो. जे लिहिलेच गेले नाही, त्याचे काय करायचे?

त्याच फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने नोव्हेंबर १९३४ मध्ये लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या संचालनाखाली विल्यम डॉसन यांची ‘निग्रो फोक सिंफनी’ वाजवली होती. कार्नेगी हॉलमध्ये श्रोत्यांनी तिला उत्स्फूर्त दाद दिली, वृत्तपत्रांनी वाखाणली, आणि नंतर मोठ्या वाद्यवृंदांनी ती बाजूला ठेवली. डॉसन टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत शिकवत होते, तिथल्या गायनवृंदाला त्यांनी देशभर नावलौकिक मिळवून दिला, स्पिरिच्युअल्सच्या त्यांनी केलेल्या मांडण्या आजही शाळाशाळांतून गायल्या जातात. १९५२ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या प्रवासानंतर त्यांनी त्याच एका सिंफनीवर पुन्हा हात फिरवला. पहिल्या सादरीकरणाच्या वेळी ते ३५ वर्षांचे होते आणि १९९० पर्यंत जगले. दुसरी सिंफनी त्यांनी लिहिली नाही, आणि ती लिहा असे त्यांना सांगणारा कोणताही वाद्यवृंद त्या ५५ वर्षांत पुढे आला नाही.